शिक्षकाची अपेक्षा आणि मुलाचा बुद्ध्यंक : एका गाजलेल्या प्रयोगाची तपासणी

अध्यापक विद्यालयात शिकलेल्या बहुतेकांनी एक गोष्ट कधी ना कधी ऐकलेली असते. एका शाळेत संशोधक येतात. सगळ्या मुलांची चाचणी घेतात आणि शिक्षकांच्या हाती काही नावांची यादी ठेवतात. 'ही मुले येत्या वर्षात झपाट्याने पुढे येणार आहेत', असे सांगून निघून जातात. खरे तर ही नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काढलेली असतात. वर्ष सरते, पुन्हा चाचणी होते, आणि यादीतल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा अधिक वाढलेला दिसतो. मग गोष्टीचे तात्पर्य फळ्यावर लिहिले जाते : शिक्षक जशी अपेक्षा ठेवील तसे मूल घडते.

प्रयोग काल्पनिक नाही. तो खरोखर झाला, त्यावर पुस्तक निघाले आणि ते जगभर गाजले. तात्पर्यही ऐकायला गोड आहे. परंतु गोड तात्पर्याला तपासणीतून सूट द्यावी, असा विज्ञानाचा नियम नाही. म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी पाहणार आहोत : पुस्तकातील आकडे, ते आकडे ज्या चाचणीतून आले ती चाचणी, आणि पुढच्या संशोधनात या निष्कर्षाचे काय झाले ते. असे करण्याचे कारण आहे. हे तात्पर्य जसेच्या तसे स्वीकारले तर त्याची किंमत शिक्षक आणि मूल दोघांनाही मोजावी लागते. मूल मागे राहिले की 'तुमचा विश्वासच कमी पडला' असे शिक्षकाला सुनावता येते. मग वर्गात इतकी मुले का कोंबली आणि पुस्तके वेळेवर का आली नाहीत, हे कोणी विचारत नाही. दुसरीकडे, मुलाची प्रगती म्हणजे त्याच्या बुद्ध्यंकाची वाढ, ही समजूत नकळत पक्की होऊन बसते.

प्रयोग आणि पुस्तक

रॉबर्ट रोझेन्थाल हे हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. प्रयोग करणाऱ्याच्या मनातली अपेक्षा प्रयोगाच्या निष्कर्षात कशी शिरते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी आणि त्यांचे सहकारी फोड यांनी १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५ उंदीर दिले. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितले, की तुमचे उंदीर भूलभुलैयातून वाट काढण्यात हुशार आहेत. उरलेल्यांना सांगितले, की तुमचे उंदीर मठ्ठ आहेत. उंदीर सगळे सारखेच होते. तरीही 'हुशार' उंदीर वाट लवकर शिकले, अशी नोंद विद्यार्थ्यांच्या वह्यांत झाली.

कॅलिफोर्नियातील साउथ सॅन फ्रान्सिस्को या गावच्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी रोझेन्थाल यांचा लेख वाचला आणि त्यांना पत्र लिहिले. उंदरांच्या बाबतीत जे घडते ते मुलांच्या बाबतीत घडते का, हे पाहायला त्यांनी आपली शाळा देऊ केली. पुस्तकात या शाळेला 'ओक स्कूल' असे नाव दिलेले आहे. वस्ती गरीब, पहिली ते सहावी असे वर्ग, आणि प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या : जलद, मध्यम व मंद. आपल्याकडे कित्येक शाळांत गुणांप्रमाणे अ, ब, क तुकड्या पाडत आले, तसाच हा प्रकार. एकूण वर्ग १८.

१९६४ च्या उन्हाळी सुट्टीपूर्वी मुलांची चाचणी झाली. शिक्षकांना तिचे भारदस्त नाव सांगितले गेले, 'हार्वर्ड टेस्ट ऑफ इन्फ्लेक्टेड ॲक्विझिशन'. प्रत्यक्षात अशी कोणतीही चाचणी नव्हती. दिलेली चाचणी होती फ्लानागन यांची 'टेस्ट्स ऑफ जनरल ॲबिलिटी', म्हणजे संक्षेपाने 'टोगा'. नवे वर्ष सुरू होताना सुमारे २० टक्के मुलांची नावे शिक्षकांना कळवण्यात आली. पुढच्या उन्हाळ्यापूर्वी, म्हणजे सुमारे ८ महिन्यांनी, तीच चाचणी पुन्हा झाली. १९६६ साली आणखी एकदा झाली.

यावरचे पुस्तक १९६८ साली आले, 'पिग्मॅलियन इन द क्लासरूम'. या नावाचे मूळ ग्रीक कथेत आहे. पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार आपणच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि देवीच्या कृपेने मूर्ती सजीव होते. बर्नार्ड शॉ यांनी हेच नाव आपल्या नाटकाला दिले आणि त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मात्र ग्रीक कथा आणि शॉचे नाटक यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कथेत मूर्ती जिवंत होते ती शिल्पकाराच्या ओढीने. नाटकात फुलवालीची भाषा बदलते ती प्राध्यापकाने महिनोन् महिने तिच्याकडून उच्चार घोटून घेतले म्हणून. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आकडे काय सांगतात

या पुस्तकाचा एक मोठा गुण आधीच नोंदवला पाहिजे. लेखकांनी आकडे झाकून ठेवले नाहीत. इयत्तावार तक्ता त्यांनी छापला आणि पुढे टीकाकारांनी मागितली तेव्हा मूळ माहितीही दिली. त्यामुळेच आज आपल्याला हा हिशेब करता येतो. एका वर्षात एकूण बुद्ध्यंकात झालेली सरासरी वाढ अशी होती :

पहिली : इतर मुले ४८, वाढ १२.०, यादीतील मुले ७, वाढ २७.४
दुसरी : इतर मुले ४७, वाढ ७.०, यादीतील मुले १२, वाढ १६.५
तिसरी : इतर मुले ४०, वाढ ५.०, यादीतील मुले १४, वाढ ५.०
चौथी : इतर मुले ४९, वाढ २.२, यादीतील मुले १२, वाढ ५.६
पाचवी : इतर मुले २६, वाढ १७.५, यादीतील मुले ९, वाढ १७.४
सहावी : इतर मुले ४५, वाढ १०.७, यादीतील मुले ११, वाढ १०.०

सर्व मिळून यादीबाहेरील २५५ मुलांची सरासरी वाढ ८.४ आणि यादीतील ६५ मुलांची १२.२. फरक ३.८ गुणांचा. हा आकडा गाजला. पण तक्ता ओळीओळीने वाचला तर काय दिसते? तिसरी, पाचवी आणि सहावी या तीन इयत्तांत यादीचा काहीही फायदा नाही. सहावीत तर यादीतली मुले किंचित मागेच आहेत. चौथीत थोडा फरक आहे. तिसरी ते सहावी हे चार वर्ग एकत्र घेऊन आम्ही सरासरी काढली, तेव्हा इतर मुलांची वाढ ७.८ आणि यादीतील मुलांची ८.८ आली. फरक अवघा १ गुण. म्हणजे सगळा चमत्कार पहिली आणि दुसरी या दोन इयत्तांतला आहे, आणि तिथे यादीतली मुले किती? ७ अधिक १२, म्हणजे १९. जगभरच्या शिक्षकांना सांगितले जाणारे तात्पर्य एका शाळेतील १९ मुलांवर उभे आहे.

तक्त्यातली आणखी एक ओळ विचार करायला लावते. पाचवीच्या मुलांची वाढ पाहा. यादीत असोत वा नसोत, त्यांचा बुद्ध्यंक साडेसतरा गुणांनी वाढला. त्यांच्याबद्दल कोणी भाकीत केले नव्हते. पहिलीतल्या यादीबाहेरच्या ४८ मुलांचाही १२ गुणांनी वाढला. काही वाढ तीच चाचणी दुसऱ्यांदा दिल्यामुळे झाली असेल, काही वर्षभराच्या शिक्षणामुळे झाली असेल. पण या वाढीविषयी कोणी फारसे बोलले नाही, कारण गोष्टीत तिला जागा नव्हती.

मोजपट्टीचा प्रश्न

आता चाचणीकडे वळू. पहिलीच्या ज्या मुलांची वाढ सर्वांत जास्त दिसली, ती पहिल्या चाचणीच्या वेळी बालवर्गात होती. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा घोळका, हातात पेन्सिल, समोर चित्रांची पुस्तिका, आणि सूचना तोंडी. चाचणी घेणारे बाहेरचे तज्ज्ञ नव्हते, वर्गशिक्षकच होते. आपल्यापैकी ज्यांनी बालवर्ग सांभाळला आहे त्यांना अशा वेळी काय होते हे सांगायला नको.

रॉबर्ट थॉर्नडाइक हे शैक्षणिक मापनातले मोठे नाव. १९६८ मध्येच त्यांनी या पुस्तकाचे परीक्षण लिहिले आणि एका वर्गाच्या आकड्यावर बोट ठेवले. पहिलीच्या 'मंद' तुकडीतील १९ मुलांचा, चाचणीच्या तर्क या भागातला सरासरी बुद्ध्यंक सुरुवातीला सुमारे ३१ आला होता. या आकड्याचा अर्थ शब्दशः घेतला तर या मुलांना स्वतःचे रोजचे व्यवहारही नीट करता येणार नाहीत. अशी १९ मुले एका साध्या शाळेच्या एकाच वर्गात कशी असतील? मुलांना सूचना कळल्या नसाव्यात, किंवा इतक्या लहान व कमी गुण मिळवणाऱ्या मुलांना मोजण्याची या पट्टीची ताकदच नसावी, हाच अर्थ उरतो. रिचर्ड स्नो यांनी १९६९ साली एकेका मुलाचे आकडे दाखवले. तर्काच्या भागात एक मूल १७ वरून १४८ वर गेले होते, दुसरे १८ वरून १२२ वर. शिक्षकाच्या प्रेमळ नजरेने असे होत नाही. वजनकाट्याचा काटा असा उडू लागला तर आपण मुलाच्या प्रकृतीची चर्चा करत नाही, आधी काटा दुरुस्त करतो.

येथे एक रास्त शंका येईल. मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती ना? मग पट्टीतली चूक दोन्ही गटांत सारखीच पडेल आणि फरक तरी खरा ठरेल. तत्त्वतः हे बरोबर आहे, पण गट मोठे असतील तर. ७ मुलांच्या गटात सरासरीने १५.४ गुणांची आघाडी मिळायला एकूण १०८ गुण पुरतात. वर दिलेल्या उड्या एकूण बुद्ध्यंकाच्या नाहीत, एका भागाच्या आहेत, हे मान्य. तरीही ज्या पट्टीवर एखादे मूल शंभराहून अधिक गुणांची उडी घेते, त्या पट्टीवर ७ मुलांची सरासरी एक-दोन मुलांमुळेच वर-खाली होणार हे उघड आहे. शिवाय 'वाढ' ही दोन चाचण्यांमधली वजाबाकी असते, आणि वजाबाकीत दोन्ही चाचण्यांची अनिश्चितता एकत्र येते. १९७१ साली जेनेट एलाशॉफ आणि स्नो यांनी सर्व आकडेवारी वेगवेगळ्या रीतींनी पुन्हा तपासून पुस्तकच लिहिले. रीत बदलली की निष्कर्ष बदलतो, असे त्यांना आढळले. दुसऱ्या वर्षी मुले नव्या शिक्षकांकडे गेली तेव्हा लहान मुलांची आघाडी टिकली नाही, हे तर मूळ लेखकांनीच नोंदवले आहे.

बुद्ध्यंक म्हणजे शिकण्याची क्षमता का?

समजा, पट्टी चांगली असती. तरी एक प्रश्न उरतोच. बुद्ध्यंक वाढला म्हणजे मुलाची शिकण्याची शक्ती वाढली, असे म्हणता येते का?

बुद्धिमापनाची सुरुवात कशासाठी झाली हे येथे आठवणे उपयोगाचे आहे. फ्रान्समध्ये सक्तीचे शिक्षण आले तेव्हा नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले कशी ओळखावीत, हा प्रश्न सरकारपुढे आला. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली त्यासाठी प्रश्नमालिका केली. हेतू असा, की या मुलांना खास मदत मिळावी. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी राशी आहे, हे बिने यांना मान्य नव्हते. अशा मुलांसाठी अवधान आणि स्मरण यांचे व्यायाम त्यांनी सुचवले होते. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना जर्मनीतल्या विल्यम स्टर्न यांची, १९१२ ची. तोवर बिने हयात नव्हते. १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले आणि आपल्या ओळखीचा बुद्ध्यंक रूढ झाला. मदतीसाठी काढलेले टिपण अशा रीतीने मुलाच्या नावापुढचा आकडा झाले.

आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात बिने-चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली आणि येथल्या मुलांवर तिचे प्रमाणीकरण केले. नुसते भाषांतर पुरणार नाही, कोणत्या वयाच्या मुलाला काय येते हे इथल्या मुलांकडूनच ठरवावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते. अनोळखी मुलांवर अनोळखी पट्टी लावली की काय होते, हे ओक स्कूलच्या '३१' या आकड्याने दाखवलेच आहे.

बुद्ध्यंकाचा शाळेतील यशाशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे मात्र चूक ठरेल. २०१५ साली रोथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील २४० नमुन्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बुद्धिमापन चाचण्या आणि शालेय गुण यांचा सहसंबंध ०.५४ आला. हा चांगला बळकट संबंध आहे. पण त्याचा वर्ग करून पाहा : मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो त्याचा सुमारे तीन दशांश भागच बुद्ध्यंकाशी जुळतो. बाकीचा सात दशांश भाग चिकाटी, घर, प्रकृती, आधीचे ज्ञान, शिकवण्याची रीत अशा अनेक गोष्टींत विखुरलेला असतो.

आणि संबंधाची दिशा कोणती? २०१८ साली रिची आणि टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून दाखवले, की शाळेच्या प्रत्येक जादा वर्षागणिक बुद्ध्यंक सुमारे १ ते ५ गुणांनी वाढतो. म्हणजे बुद्ध्यंक शिक्षणाला मदत करतो तसेच शिक्षण बुद्ध्यंक घडवते. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहेच. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत 'बुद्धिमत्ता चाचणी' हा विषय असतो, त्याची मार्गदर्शक पुस्तके दुकानात मिळतात आणि शाळा सुटल्यावर त्याचे जादा तास होतात. जी गोष्ट शिकवून येते, सरावाने सुधारते, तिला केवळ उपजत म्हणता येत नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांनी हा मुद्दा फार नेमका मांडला. दोन मुले घ्या; दोघांचे मानसिक वय चाचणीप्रमाणे ८. आता दोघांना थोडी मदत करा : पहिली पायरी दाखवा, एखादा सूचक प्रश्न विचारा. एक मूल मदतीने १२ वर्षांच्या मुलाचे प्रश्न सोडवते, दुसरे ९ च्या पुढे जात नाही. चाचणीच्या दृष्टीने ही मुले समान आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने ती समान आहेत काय? एकट्याने काय येते हे आतापर्यंतच्या शिक्षणाचे फळ आहे. मदत मिळाल्यावर काय येते, यावरून पुढच्या शिक्षणाचा अंदाज येतो. नेहमीची बुद्धिमापन चाचणी पहिली गोष्ट मोजते, आणि शिक्षकाला हवी असते दुसरी.

नंतरचे प्रयोग

ओक स्कूलनंतर असे अनेक प्रयोग झाले. काहींत परिणाम दिसला, काहींत नाही. १९८४ साली स्टीफन रॉडेनबुश यांनी अशा १८ प्रयोगांचे निकाल शेजारी-शेजारी मांडले, तेव्हा विसंगतीतून एक संगती बाहेर आली. जिथे शिक्षक मुलांना आधी दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत होते, तिथे संशोधकांनी दिलेल्या खोट्या माहितीचा परिणाम जवळजवळ शून्य होता. जिथे ओळख होण्याआधीच माहिती हाती पडली, तिथे परिणाम दिसत होता. पहिली-दुसरीच्या वर्गांत तो अधिक होता. तिथे येणारी मुले शाळेला नवीनच असतात.

आमच्या मते या साऱ्या संशोधनातला शिक्षकाला सर्वांत उपयोगी पडणारा निष्कर्ष हा आहे. मुलाला आपण स्वतः ओळखू लागलो, की कागदावरच्या आकड्याची सत्ता संपते. आणि त्याला दोन आठवडे पुरतात.

२००५ साली ज्युसिम आणि हार्बर यांनी ३५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. शिक्षकांच्या अपेक्षा बहुतेक वेळा मुलांच्या प्रत्यक्ष कामगिरीवरूनच बनलेल्या असतात आणि अपेक्षेमुळे होणारा परिणाम सर्वसाधारणपणे लहान असतो, असे त्यांना दिसले. पण ज्या समाजगटांकडे आधीच हीन नजरेने पाहिले जाते, त्यांच्या मुलांवर हा परिणाम मोठा असू शकतो, हेही त्यांनी नोंदवले. सरासरी लहान आहे म्हणून ही गोष्ट बाजूला सारता येत नाही.

वर्गात न पाहिलेला वर्ग

पुस्तकाच्या नावात वर्ग आहे. पण प्रत्यक्ष वर्गात काय चालले होते हे पुस्तकात जवळजवळ नाहीच. यादी हाती आल्यावर शिक्षकांनी काय वेगळे केले, हे कोणी बसून पाहिले नाही. यादीतल्या मुलांना जास्त वेळ दिला का, असे विचारल्यावर तसे दिसले नाही. उलट पुष्कळ शिक्षकांना यादीतली नावेही नीट आठवत नव्हती. मग अपेक्षा मुलापर्यंत पोचली कशी? ग्रीक कथेप्रमाणे नुसत्या ओढीने?

याचे उत्तर पुढे इतरांनी शोधले. जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी १९७० साली पहिलीच्या चार वर्गांतील निरीक्षणे मांडली. शिक्षकाला ज्यांच्याकडून आशा होती ती मुले चुकली, की शिक्षक प्रश्न पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारत. आशा नसलेले मूल चुकले की प्रश्न दुसऱ्याकडे जाई. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी तर घड्याळ लावले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने १ सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. त्यातही वरच्या क्रमांकाच्या मुलांसाठी २ सेकंदांच्या जवळपास, तळच्या मुलांसाठी जेमतेम १. शिक्षकांनी जाणीवपूर्वक ३ सेकंद वा अधिक थांबायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरे लांब झाली, कारणे दिली जाऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली.

अपेक्षा मुलापर्यंत पोचते ती अशी : थांबण्याच्या सेकंदांतून, दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नातून, वहीवर लिहिलेल्या शेऱ्यातून. यात गूढ काही नाही. शॉच्या नाटकातल्या प्राध्यापकासारखी ही घोटून घेण्याची मेहनत आहे, आणि मेहनत मोजता येते, बदलताही येते.

यादी कोण देते?

ओक स्कूलच्या शिक्षकांना यादी संशोधकांनी दिली. रोजच्या शाळेत संशोधक येत नाहीत, पण याद्या येत राहतात. रे रिस्ट यांनी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळेत बसून मुलांच्या एका गटाचे बालवर्गापासून दुसरीपर्यंत निरीक्षण केले. त्यांचा लेख १९७० साली आला. बालवर्गाच्या शिक्षिकेने आठव्या दिवशी मुलांच्या कायमच्या जागा ठरवल्या. तोवर कसलीही चाचणी झाली नव्हती. हाती होते ते प्रवेशपत्र, घरची परिस्थिती, मोठ्या भावंडांचा लौकिक, मुलाचे कपडे आणि बोलणे. शिक्षिकेजवळच्या टेबलाशी बरी परिस्थिती असलेली मुले बसली, दूरच्या टेबलांशी गरीब. शिकवणे मुख्यतः जवळच्या टेबलाशी झाले. दुसरीत पोचेपर्यंत गटांना नावेही पडली : वाघ, कार्डिनल पक्षी आणि विदूषक. आणि आता गुणांच्या नोंदी होत्या. त्यामुळे आठव्या दिवसाचा अंदाज शास्त्रशुद्ध वाटू लागला.

ही शाळा दूरची असली, तरी 'क' तुकडी, शेवटचा बाक आणि 'ढ' हे एकाक्षरी प्रमाणपत्र आपल्याला परके नाही. जात, आडनाव, वस्ती, बोलीचा हेल, थोरल्या भावाचे प्रगतिपुस्तक, या सगळ्या न मागता मिळालेल्या याद्याच आहेत. त्यांवर ना सही असते ना शिक्का, म्हणून त्या तपासल्याही जात नाहीत.

ओक स्कूलच्या पुस्तकात एक दुर्लक्षित नोंद आहे. 'मंद' तुकड्यांतील जी मुले यादीत नव्हती आणि तरीही पुढे आली, त्यांच्याबद्दल शिक्षकांचे मत अधिक प्रतिकूल झाले होते. जितकी वाढ अधिक तितका शेरा वाईट. ही नोंदही त्याच डळमळीत चाचणीवर आधारलेली आहे, म्हणून तिच्यावर फार भार टाकता येत नाही. पण प्रश्न म्हणून ती मोलाची आहे. आपण ज्याला ढ ठरवले आहे त्याने अचूक उत्तर दिले, तर आपला पहिला विचार 'कुणाचे पाहिले?' हाच असतो का?

शिक्षकांसाठी काय उरते

'पिग्मॅलियन इन द क्लासरूम' हे पुस्तक, आमच्या मते, वाचावे असे आहे. पण वाचताना निष्कर्षापेक्षा प्रश्नासाठी वाचावे. शिक्षकाच्या विश्वासाने बुद्ध्यंक वाढतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्याची मोजपट्टी लहान मुलांसाठी निकामी होती, नमुना अपुरा होता आणि वर्गात काय घडले हे पाहिले गेले नाही. तरीही वर्गातल्या यशापयशाला बघणाऱ्याची नजर कारण असू शकते का, हा प्रश्न त्याने इतक्या ठसठशीतपणे विचारला, की पुढची सगळी चांगली निरीक्षणे त्याचे उत्तर शोधतानाच झाली.

त्या निरीक्षणांच्या आधारे तीन गोष्टी आपल्या वर्गात करून पाहता येतील. त्यांना ना अनुदान लागते ना परिपत्रक.

पहिली : जूनमध्ये नवा वर्ग हाती आला, की पहिले दोन आठवडे मागच्या वर्षीचे गुणपत्रक उघडू नये आणि मुलांचे गट पाडू नयेत. आधी वह्या पाहाव्यात, बोलणे ऐकावे. गुणपत्रक नंतर पाहायचेच आहे. ते ओळखीनंतर पाहावे.

दुसरी : एका छोट्या घटकावर मुलाला एकट्याने काय येते ते पाहावे, मग दहा मिनिटे मदत करावी आणि पुन्हा पाहावे. दोन्हींमधला फरक एका ओळीत लिहून ठेवावा. 'अपूर्णांक येत नाहीत' यापेक्षा 'भाकरीचे चित्र काढून दिल्यावर पाव आणि अर्धा यांची बेरीज जमली' ही नोंद पुढच्या शिक्षकाला कितीतरी अधिक सांगते. मात्र असली नोंदही कायमची नसते, तिच्यावर तारीख घालावी.

तिसरी : एखाद्या तासाला वरिष्ठ वर्गातील विद्यार्थ्याला मागे बसवून आपले थांबणे मोजून घ्यावे. कोणाला प्रश्न विचारले, किती सेकंद वाट पाहिली आणि चूक झाल्यावर प्रश्न त्याच मुलाकडे ठेवला की पुढे सरकवला, एवढेच टिपायचे. विद्यार्थ्याला निरीक्षणाचा अनुभव मिळेल, आणि आपल्या वर्गात न लिहिलेली यादी आहे की नाही, हे आपल्याला आकड्यांत दिसेल. बुद्ध्यंकापेक्षा हे आकडे जास्त विश्वासाचे आहेत, आणि ते दुसऱ्या दिवशीच बदलणे आपल्या हातात आहे.